मिरचीच्या दिवसांतली झोप

सकाळी दार उघडलं आणि पहिली शिंक आली, तेव्हा कळलं की पथाऱ्या भरल्या. गावाबाहेरच्या मोकळ्या रानांत लाल मिरची वाळत घालतात, त्या जागांना आम्ही नंदुरबारची माणसं पथारी म्हणतो. वारा तिकडून फिरला की सगळी वस्ती एकदम शिंकायला लागते. दूधवाला शिंकतो, त्याला सुटे देणारी मी शिंकते, आणि आम्ही दोघं एकमेकांची माफी मागतो. त्या सकाळी माझ्या हातात दोन पातेली होती. एक दुधासाठी. दुसरं कशासाठी काढलं होतं ते हे लिहीपर्यंत आठवलेलं नाही.

झोपेवर लिहा, असं आमच्या इथल्या एका साप्ताहिकाच्या संपादकांनी सांगितलं आहे. मी शाळेत मराठी शिकवते, अधूनमधून त्यांच्या पुरवणीत लिहिते, आणि घरात सात महिन्यांची मुलगी आहे. म्हणजे या विषयाला माझ्याइतकं लायक कोणी नाही, असं त्यांना वाटलं असावं. उपाशी माणसाकडून पाककृती मागवावी तसा हा प्रकार. मी हो म्हटलं. हो म्हटल्याचंही मला नंतर त्यांच्या मेसेजवरून कळलं.

वहीत मी तीनदा सुरुवात केलेली दिसते. पहिल्या पानावर 'झोप ही' एवढंच आहे. दुसऱ्या पानावर चांगल्या चार ओळी आहेत, पाचवी ओळ मात्र हळूहळू खाली घसरत पानाच्या कोपऱ्यात जाते आणि तिथे नुसती रेघ होते. तिसऱ्या पानावर 'डाळ, डायपर, दाखला' असं लिहिलंय, आणि त्याखाली माझ्याच अक्षरात, 'घोड्याला विचारणे'. कोणता घोडा? सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेला जाऊन दोन महिने झाले, आणि तिथे मी कोणत्याही घोड्याशी बोलल्याचं मला आठवत नाही. पण आजकाल मला आठवत नाही याचा अर्थ घडलं नाही, असं मी छातीठोक सांगू शकत नाही.

माझी अडचण झोप कमी मिळते एवढीच असती तर सोसलं असतं. अडचण अशी की झोप आणि जाग यांच्यामधलं कुंपण मोडलं आहे. वर्गात कविता शिकवताना मी हात बाळाच्या पाठीवर थोपटल्यासारखा हलवत असते, हे विद्यार्थिनींनी मला सांगितलं. माझी शाळा नवापूर रस्त्यावर आहे. सकाळी एसटीत बसले की डोळा लागतो, आणि मागच्या महिन्यात दोनदा मी थेट नवापूरला पोचले. पोल्ट्रीच्या वासाने जाग आली तेव्हा कंडक्टर म्हणाला, "मॅडम, तुम्हाला तुमच्या स्टॉपला हाक मारली होती. तुम्ही 'हो, उठते' म्हणालात." मी म्हणाले असेन. झोपेतली मी फार समजूतदार बाई आहे, सगळ्यांना हो म्हणते.

बाळ झोपलं की तुम्हीही झोपा, असं डॉक्टर सांगतात, मावशा सांगतात, मोबाइलवरच्या हसऱ्या बायका सांगतात. छान आहे. बाळ झोपलं की कुकरनेही झोपावं, पाच वर्षांच्या स्वराने आपला अभ्यास आपण घ्यावा आणि दहावीच्या पेपरांनी स्वतःला तपासून घ्यावं. मिस्टर सुरतेला नोकरीला आहेत, शनिवारी येतात, रविवारी रात्री जातात. फोनवर विचारतात, "झोप झाली का?" मी म्हणते, "कोणाची?"

खरं तर आमच्या घरात पोरांना झोपवण्याची कला असलेलं माणूस आहे. माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. आत्यांनी आळीतली निम्मी पोरं झोपवली आहेत. झोळीला दोन झोके, कपाळावरून अंगठा एकदा भुवयांपर्यंत, की पोर गप्प. पण माझ्या मुलींना त्या झोपवत नाहीत. न्हाऊ घालतात, भरवतात, स्वराला शाळेत सोडतात. झोपवणं तेवढं नाही. बाळ पेंगुळलं की माझ्या खोलीच्या दारात येऊन सांगतात, "वैशाली, पोर झोपले उनी वं." आणि मी शाळेत असले तर बाळाला उचलून शेजारी आपल्या जावेकडे, कल्पनाकाकूंकडे नेतात. काकू झोपवतात. झोपलं की आत्या त्याला तसंच अलगद परत आणून झोळीत ठेवतात. दिवसातून दोनदा ही वरात निघते. सगळ्या आळीला ती माहीत आहे आणि तिचं कारणही माहीत आहे. कारण मी आहे.

स्वरा आठ महिन्यांची होती तेव्हाची गोष्ट. दिवस हेच, मिरचीचे.

वर्षाची मिरची घरी आली की आमच्या ओट्यावर बायकांचं रिंगण बसतं. मधे लाल ढीग, प्रत्येकीच्या नाकातोंडाला रुमाल, आणि देठ खुडणं सुरू. दोन घरांची, शिवाय पुण्याच्या नणंदेची मिरची, त्यामुळे दिवस जातो. या दिवशी घरातली एक बाई मिरचीला हात लावत नाही. तिला कोऱ्या हाताची म्हणतात. पोरांना घेणं, कणीक मळणं, पाणी देणं, कोणाच्या डोळ्यात गेलं तर पदराने पुसणं, सगळं तिच्याकडे. बाकीच्या बायका दिवसभर स्वतःच्या नाकालाही हात लावत नाहीत. नाक खाजलं की कोऱ्या हाताचीला हाक मारतात आणि ती येऊन खाजवून देते. हसून हसून पुरेवाट होते. ज्या घरात लहान पोर असेल तिथे त्याची आईच कोऱ्या हाताची, हा ठरलेला नियम आहे.

म्हणून त्या वर्षी मी होते. खाट रिंगणाला लावून घेतली होती, कारण एकटी आत बसून मला गप्पा हुकवायच्या नव्हत्या. माझं माहेर म्हसावदचं. आमच्या घरी मिरचीचं शेत होतं, मी सहा वर्षांची असल्यापासून देठ खुडत आले. पुस्तक समोर ठेवून, पाढे म्हणत, न बघता. मिरची दिसली की माझी बोटं आपोआप वळवळतात. त्या दिवशी ती मी मांडीवरच्या स्वराभोवती गुंडाळून ठेवली होती. ऊन पाठीवर येत होतं. आठ महिन्यांत मी सलग झोपले नव्हते. कल्पनाकाकू कोणाच्या तरी लग्नातल्या जिलेबीबद्दल सांगत होत्या, आणि ती जिलेबी कढईत फिरता फिरता मी गेले.

किंकाळीने जाग आली. स्वराचा चेहरा लालबुंद, डोळे गच्च मिटलेले, श्वास अडकलेला. आणि आत्या तिच्यावर वाकलेल्या, त्यांचा अंगठा तिच्या गालावर. तो अंगठा मला आजही दिसतो. नखाच्या कडेला मिरचीचा लाल कण होता.

"मन्हा हात लागना वं," आत्या म्हणत होत्या. "मन्हा हात लागना, मन्हा हात."

रागावले की मी शाळेची मराठी बोलते. सगळ्या रिंगणासमोर, एकेक शब्द सुटा करून मी म्हणाले, "माझ्या पोरीला झोपवायला तुम्ही पुन्हा कधीही हात लावू नका."

आम्ही पाण्याने स्वराचे डोळे धुतले, दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी थेंब घातले, काही झालेलं नाही म्हणाले, आणि संध्याकाळपर्यंत स्वरा आपल्या पायाचा अंगठा चोखत हसत होती. ती विसरली. मीही महिन्याभरात विसरले असते, आणि मधल्या काळात आत्यांनी एकदा झोका दिला असता तर काही बोललेही नसते. पण त्यांनी माझं वाक्य शब्दशः घेतलं. मी ते मागे घ्यायला हवं होतं. घेऊ कसं हे कळेना. चूक त्यांची होती ना? मग माफी मी कशाची मागायची? असं करत पाच वर्षं गेली, दुसरी मुलगी झाली, आणि माझी झोप त्या मागे न घेतलेल्या वाक्याखाली अडकून पडली. मला झोप हवी होती, ती आत्यांच्या हातात होती, आणि त्या हातांना मीच बंदी घातली होती. इतकं सरळ गणित. पण झोप नसलेल्या डोक्याला सरळ गणितंच सुटत नाहीत.

शाळेत जाताना बसच्या खिडकीतून पथाऱ्या दिसतात. सातपुड्यातून कामाला आलेल्या बायका मिरची पसरत असतात. तीन बांबू एकत्र बांधून त्यांना झोळी अडकवलेली असते आणि त्या लाल धुरळ्यात त्यांची पोरं गाढ झोपलेली असतात. एकदा बस थांबली तेव्हा अशाच एकीला मी खिडकीतून विचारलं, "पोर शिंकत नाही का?" तिला माझी भाषा पुरती कळली नसावी. तिने झोळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ओठांवर बोट ठेवून मला गप्प राहायला सांगितलं. एवढ्या दूरच्या बसमधल्या बाईलासुद्धा. मला तिचा हेवा वाटला आणि का वाटला हे दिवसभर समजलं नाही.

गेल्या रविवारी पुन्हा ओट्यावर रिंगण बसलं. त्या आठवड्याला मिस्टर आले नव्हते. कोऱ्या हाताची दर वर्षीप्रमाणे मी. मी खाटेवर, बाळ झोळीत, झोळीची दोरी माझ्या पायाच्या अंगठ्याला, मांडीवर वही. लेख द्यायचा दिवस उलटून गेला होता. समोर, बरोबर माझ्या तोंडाकडे तोंड करून आत्या खुडायला बसल्या. त्या दर वर्षी अशाच बसतात. वयाने सगळ्यांत मोठ्या, खोकला होतो, कल्पनाकाकू म्हणतात आत जा, पण जात नाहीत. मी समजत आले की हा त्यांचा राग आहे. मला दाखवून खुडतात. मिरची खुडत अधूनमधून माझ्याकडे अशा बघतात की मला वहीत डोकं घालावं लागतं.

"काय लिखस वं?" कल्पनाकाकूंनी विचारलं.

"झोपेवर."

"त्यावर काय लिखानं? डोया मिटाना, झोपी जावानं."

मी लिहिलं, 'डोळे मिटायचे, झोपी जायचं.' छान वाक्य होतं. त्याच्याकडे बघता बघता अक्षरं उतरणीला लागली.

नंतर काय झालं ते मला स्वराने आणि काकूंनी सांगितलं, कारण मी तिथे नव्हते. माझा डोळा लागला. चहाची वेळ झाली. चहा करणं कोऱ्या हाताचीचं काम, पण मला उठवायचं नाही म्हणून आत्या स्वतः उठल्या. तेल लावून, बेसन चोळून, साबणाने हात धुतले आणि आत गेल्या. तेवढ्यात कल्पनाकाकूंना ढीग मोठा वाटला, म्हणून त्यांनी न खुडलेल्या मिरच्यांची एक पाटी उचलून माझ्या खाटेवर, मांडीला टेकून ठेवली. रिकामी जागा तीच होती.

मला जाग आली ती हसण्याने. स्वरा टाळ्या वाजवत होती. "मम्मी, तू झोपेत मिरच्या खुडत होतीस!"

"देखा वं," कल्पनाकाकू डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होत्या, "हाई ते झोपमा बी कामले लागेल शे!"

मी खाली पाहिलं. वहीवर देठांचा छोटा ढीग होता. डाव्या बाजूला खुडलेल्या मिरच्या, नीट, एका दिशेला तोंड करून, आमच्या म्हसावदला लावतात तशा. पेन पाटीत पडलं होतं. बोटांची टोकं लाल होती. मला एकही मिरची हातात घेतल्याचं आठवत नव्हतं. मीही हसायला लागले, आणि त्या गलक्याने बाळ झोळीत रडून उठलं. मी हात पुढे केले.

"हात नको लावू! पोरले हात नको लावू!"

आत्या दारात होत्या. चहाचा ट्रे त्यांनी खाली ठेवला नाही, जवळजवळ टाकला. मी एवढ्या वर्षांत त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता. बाळ ओरडत होतं, आणि मी लाल बोटं हवेत धरून उभी होते. आत्या झोळीपाशी आल्या. त्यांचे हात धुतलेले होते. तरी त्यांनी बाळाला उचललं नाही. माझ्याकडे बघत थांबल्या.

त्या परवानगीची वाट बघत होत्या, हे कळायला मला वेळ लागला. आणि ते कळलं तेव्हा बाकीचंही कळलं. पाच वर्षं त्या समोर बसून मला टोचत नव्हत्या. माझ्या हातांवर लक्ष ठेवत होत्या.

"आत्या," मी म्हणाले. "घ्या तिले."

त्यांनी घेतलं. खांद्यावर टाकलं, कपाळावरून अंगठा फिरवला, एकदा भुवयांपर्यंत. हा अंगठा मी इतकी वर्षं दुसऱ्याच रूपात लक्षात ठेवला होता.

चहा झाल्यावर बायका पांगल्या. आत्यांनी तेलाची वाटी आणली, माझे हात आपल्या हातात घेतले आणि एकेक बोट चोळायला लागल्या. मी विचारलं, "तवय बी मन्हाच हात व्हता का?"

त्या चोळत राहिल्या.

"आत्या, सांगा ना."

"तुन्हा मांडीवर देठ व्हतात," त्या म्हणाल्या. "मी पदरघाई झटकी टाकात. पोर रडनी तवय मी तिन्हा गाल पुसा, बस."

म्हणजे तेव्हाही झोपेत खुडलं मीच होतं, आणि देठ त्यांनी पदराने झटकून लपवले होते. अंगठा होता, लाल कणही होता. फक्त आधी किंकाळी होती आणि मग अंगठा. मी ते उलटं लावून ठेवलं होतं. की जागी होतानाच तसं दिसलं? की नंतर रागाने रचलं? मी त्या दुपारची माझ्या डोक्यातली चित्रं पुन्हा पुन्हा लावून पाहिली. अजूनही ती मला जुन्याच क्रमाने दिसतात. जे घडलंच नाही ते मला स्पष्ट आठवतं, आणि जे मी केलं त्याचा मागमूस नाही. मग मला जे जे आठवतं, त्यातलं माझं किती आणि झोपेचं किती?

"माले काबर नही सांगं?" मला रडू येत होतं. लाज वाटत होती. आपली चूक असल्याची नव्हे, त्या वाक्याची. "मी तुम्हाले सगळासमोर बोलनू."

"तू आठ महिना झोपेल नव्हती," आत्या म्हणाल्या. "झोपमा करेल कामनं नाव कोनावर टाकू मी? आनी तुले सांगती, तर तू पोरले मांडीवर लेवाले बी घाबरती. पहिलटकरीन व्हती तू."

एवढंच. त्यांनी ते पाच वर्षं जपून ठेवलं होतं, आणि सांगताना घासलेलं भांडं फळीवर ठेवावं इतक्या सहज सांगितलं. मला वाटलं होतं आता मी माफी मागेन, त्या रडतील, काहीतरी मोठं होईल. त्यांनी माझ्या तळहाताचा वास घेतला, नाक मुरडलं, आणि पुन्हा बेसन लावलं.

बाळ खांद्यावर झोपलं होतं. आत्यांनी त्याला झोळीत ठेवलं. झोळीची दोरी जमिनीवर लोळत होती, तिचं टोक अजून माझ्या पायाच्या अंगठ्याला. आत्या खाली बसल्या, गाठ सोडवली आणि दोरी आपल्या अंगठ्यात अडकवली.

"आते झोप," म्हणाल्या. "मी शे."

मी विचारणार होते की स्वयंपाक, स्वराचा अभ्यास, संपादकांना काय सांगू. तोंड उघडल्याचं आठवतं. विचारलं की नाही ते आठवत नाही.

जाग आली तेव्हा ऊन समोरच्या भिंतीवर चढलं होतं. मिरच्या पोत्यात भरून झाल्या होत्या, कोणीतरी माझ्यावर गोधडी टाकली होती. बाळ झोपलं होतं. खाटेच्या पायथ्याशी वहीत डोकं खुपसून स्वराही झोपली होती. आणि भिंतीला टेकून, तोंड थोडं उघडं टाकून, रुमाल गळ्यात तसाच ठेवून, आत्या गाढ झोपल्या होत्या. मी कितीतरी वेळ तशीच पडून त्यांच्याकडे बघत राहिले. झोळी हलत होती. त्यांच्या पायाचा अंगठा दोरी ओढत होता, सोडत होता, ओढत होता.